तापीच्या मागे मागे, दोघांसाठी एक दिवस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिवाळ्यातल्या सहलींची पानं वाचली. महाबळेश्वर, अलिबाग, तारकर्ली, गोवा. फोटो छान होते, माहितीही चांगली होती. पण धुळे, नंदुरबार, जळगावच्या वाचकाने ती वाचून करायचं काय? आमच्याकडून कोकण गाठायचं तर दोन रात्री प्रवासातच जातात. वर राहण्याचा खर्च, आणि मागे घरी दुभतं जनावर असेल तर धार कोण काढणार? म्हणून हे पत्र लिहिते आहे. आपल्या दारावरून ताप्ती लाईन, म्हणजे सुरत-जळगाव रेल्वे जाते. जनरलच्या तिकिटावर नवरा-बायकोला एका दिवसात गुजरातेतला उकाईचा जलाशय आणि सुरतेजवळचा डुमसचा समुद्र दोन्ही बघून परत येता येतं. आम्ही दोघं नुकतेच जाऊन आलो.

आधी मनातलं सांगते. आमच्याकडची बाई गाडीत बसते ती लग्नाला, मयतीला, लेकीच्या बाळंतपणाला, नाहीतर दवाखान्यात. सुरतेच्या उधना-लिंबायतला अर्धा खान्देश राहतो असं आपण म्हणतो. माझी नणंदही तिकडेच आहे. तिच्याकडे मी वर्षानुवर्षं जाते आहे, पण तिथून तासाभरावर असलेला समुद्र कधी पाहिला नव्हता. कोणी अडवलं होतं असंही नाही. कार्य आटोपलं की पिशव्या उचलायच्या आणि परतीची गाडी पकडायची, एवढंच ठाऊक. नवरा-बायकोने फक्त बघायला म्हणून कुठे जायचं असतं, हे आमच्या पिढीला कोणी सांगितलंच नाही. लग्नातसुद्धा पंगती वेगळ्या, बसायच्या जागा वेगळ्या. गाडीत मात्र आम्ही दोघं खिडकीशी समोरासमोर बसलो होतो. घरचा विषय संपल्यावरही बोलत होतो.

दोंडाईच्याहून पहाटेची पॅसेंजर धरली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून घेतला होता. नंदुरबार आलं तसा पथाऱ्यांवर वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका खिडकीतून आत आला आणि डब्यातले सगळे एकदम खोकायला लागले. तिथे चढलेल्या एका म्हातारबाईने शेजारी बसल्या बसल्या अहिराणीत विचारलं, ‘कथा चालनात माय?’ म्हणजे कुठे चाललात. मी म्हटलं, समुद्र पाहायला. ‘तठे कोन शे तुमनं?’ कोणीच नाही, म्हटलं, आम्ही दोघंच चाललोय. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, ‘बरं कयं माय.’ खांडबाऱ्याला उतरताना माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली.

खांडबारा, चिंचपाडा सोडलं की मुलूखच बदलतो. कपाशी मागे पडते, साग आणि भातखाचरं सुरू होतात, कौलारू घरं दिसायला लागतात. सतराव्या शतकात सुरत बंदरातून बुऱ्हाणपूरला जाणारा व्यापाराचा मोठा रस्ता नवापूर-नंदुरबारवरूनच होता. बैलांचे तांडे जिथून माल वाहायचे, त्याच बाजूने सुरत-अमळनेर रेल्वे 1900च्या सुमारास सुरू झाली. नवापूरचं स्टेशन पाहण्यासारखं आहे. राज्याची हद्द स्टेशनातूनच गेली आहे, त्यामुळे फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत. गाडीची घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होते. शाळेतल्या पोरांना नकाशावरची सीमा शिकवायची तर त्यांना इथे आणून उभं करावं.

उकाई सोनगड स्टेशनला उतरलो. सोनगड म्हणजे गायकवाडांचं पहिलं ठाणं. पिलाजीराव गायकवाडांचा किल्ला गावाच्या डोक्यावर उभा आहे आणि बडोद्याच्या गादीची सुरुवात इथून झाली. किल्ला चढायला वेळ नव्हता. रिक्षा करून उकाईकडे निघालो.

तापी 1972पासून इथे अडवलेली आहे. बांध जवळजवळ पाच किलोमीटर लांब आहे आणि मागच्या पाण्याला वल्लभसागर असं नाव आहे. सारंगखेड्याला, प्रकाश्याला आम्ही पाहतो ती नदी आणि हे पाणी एकच, हे डोळ्यांना पटेना. समोरचा काठ धुक्यात गेला होता. यांनी तर दोनदा विचारलं, ‘हाई आपलीच तापी शे का?’ मुडावदला पांझरा जिला मिळते, जिच्यात आमच्या सासऱ्यांच्या अस्थी सोडल्या, तीच ही. काठावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. एक होडी जाळं ओढत बराच वेळ जागच्या जागी फिरत होती आणि तिच्या मागे बगळ्यांची रांग लागली होती.

या पाण्याकडे फक्त सुंदर म्हणून बघणं मला जमलं नाही. त्याच्या खाली शंभराहून जास्त गावं गेली आहेत. त्यांत आपल्या नवापूर-नंदुरबारकडचीही आहेत, आणि बहुतेक माणसं आदिवासी. त्यांची शेतं, थडगी, देवाच्या जागा सगळं या पाण्यात आहे. सहलीला जाणाऱ्याने तिथे उभं राहून हे आठवलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. सोबत मुलं असतील तर त्यांना सांगितलंही पाहिजे.

पुढची गाडी धरून व्यारा, मढी, बारडोली करत सुरत गाठली. या टप्प्यात सांगण्यासारखं फार नाही. ऊस आणि केळी दिसत राहतात आणि डुलकी चांगली लागते. सुरतेत स्टेशनबाहेरून डुमसची बस मिळते. वाटेत पोंक विकणाऱ्यांच्या टपऱ्या होत्या. तो आपला ज्वारीचा हुरडाच, सोबत शेव आणि लिंबू. सुरतकर तापीला माय मानतात, आषाढ शुद्ध सप्तमीला तिच्या जयंतीला चुनरी अर्पण करतात. याच शहराचा मोठा भाग 2006च्या ऑगस्टमध्ये उकाईच्या विसर्गानंतर पाण्याखाली गेला होता. नणंदेच्या घरात भिंतीवर त्या पाण्याची खूण अजून आहे. मुलतईला उगम पावून सातशे किलोमीटरच्या वर चालत आलेली नदी डुमस-हजिऱ्याजवळ खंबातच्या आखाताला मिळते.

डुमसला पोचलो तेव्हा समुद्र जागेवर नव्हता. ओहोटी होती आणि पाणी दूरवर एका रेघेसारखं दिसत होतं. वाळू काळी, ओली, तिच्यावर लाटांनी उठवलेल्या बारीक वळ्या. माझा चेहरा पडलेला बघून चहावाल्याने सांगितलं, ‘थांबा, येईल परत.’ आम्ही थांबलो. टमाट्याची गरम भजी घेतली आणि वाळूवर बसून राहिलो. मग खरोखर पाणी यायला लागलं. आधी वळ्यांमधल्या खाचा भरल्या, मग चपलांपर्यंत आलं, मग आम्हीच उठून मागे सरत गेलो. लाट आली की पायाखालची वाळू सरकते हे मी ऐकलं होतं, अनुभवलं नव्हतं. मी दचकले तसा यांनी माझा हात धरला आणि परत निघेपर्यंत सोडला नाही. आमच्या वयाच्या माणसांना हे लिहायला संकोच वाटतो. पण ज्या बायका हे वाचतील त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते आहे.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. दोंडाईचा किंवा नंदुरबारहून थेट सुरतेचं जनरल तिकीट काढून मध्ये सोनगडला उतरून राहता येत नाही. एवढ्या कमी अंतराच्या तिकिटावर प्रवास तोडण्याची मुभा नसते. सोनगडपर्यंत एक आणि तिथून पुढे दुसरं, अशी वेगळी तिकिटं काढावीत. कोरोनानंतर पॅसेंजरचं किमान भाडं 30 रुपये झालं होतं, ते 2024च्या फेब्रुवारीत पुन्हा 10 रुपयांवर आलं. त्यामुळे खर्चाचं कारण उरत नाही. डुमसला ओहोटीच्या मागे मागे आत जाऊ नये. खाली चिखल आहे, आणि खंबातच्या आखातात भरती मोठी असते, पाणी भराभर वाढतं. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते, ती आधी बघून निघावं. रात्रीची परतीची गाडी भरलेली असते, गुडघेदुखी असणाऱ्यांनी तेवढ्या प्रवासाचं आरक्षण करावं. आम्हाला घरी पोचायला मध्यरात्र उलटली.

आता आपल्याकडे विनंती. पूर्वी वर्तमानपत्रांत रेल्वे-एसटीच्या वेळा छापून यायच्या. मोबाईलवर सगळं मिळतं हे खरं, पण माझ्या वयाच्या बाईला मुलाकडे मोबाईल मागावा लागतो, आणि मागितला की पहिला प्रश्न येतो, ‘कशाला?’ ताप्ती लाईनवरच्या पॅसेंजर आणि मेमू गाड्यांच्या वेळा, दोन्ही दिशांच्या, दर रविवारी एका चौकटीत छापाव्यात. भुसावळपासून उधन्यापर्यंत सगळी लहान स्टेशनं त्यात यावीत. बेटावद, नरडाणा, रनाळे इथे थांबणारी गाडी कोणती, हेच लोकांना आधी हवं असतं. शक्य झालं तर शेजारी डुमसच्या भरतीची वेळ द्यावी. आमच्या भजनी मंडळातल्या तिघींनी संक्रांतीनंतर आपापल्या मालकांना घेऊन जायचं ठरवलं आहे, आणि वेळापत्रक मला विचारलं आहे.

आपली,
एक वाचक, दोंडाईचा (जि. धुळे)