उपग्रह वर गेला, निरोप जेटीवर कधी येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या सदरात एका वाचकांनी लिहिलं होतं की आपल्यासारख्या देशाला उपग्रहांचे लाड परवडत नाहीत, आधी रस्त्यातले खड्डे बुजवा. खड्ड्यांबद्दल वाद नाही, मुंबई-गोवा हायवेनेच येतो-जातो मी. पण लाड हा शब्द काय पटला नाही, म्हणून लिहितोय. दापोली तालुक्यात बंदरावर माझा बर्फाचा धंदा आहे, काका तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, त्यामुळे घरात बोलणं एकतर मासळीचं नाहीतर डिझेलचं.

हैदराबादला इन्कॉइस म्हणून सरकारी संस्था आहे, ती मासळी कुठे मिळायची शक्यता आहे त्याची माहिती काढते. ओशनसॅट जातीचे आपले उपग्रह, पहिला १९९९ ला गेला, तिसरा नोव्हेंबर २०२२ ला, सातशेच्या वर किलोमीटरवरून समुद्राचा रंग बघतात. पाणी जिथे हिरवट तिथे बारीक वनस्पती जास्त, तिथे तारली-बांगडा चरायला येणार आणि त्याच्या मागे मोठी मासळी. त्यात पाण्याचं तापमान धरतात, ते बरंचसं परदेशी उपग्रहांकडून घेतात, आणि गार-कोमट पाणी जिथे भिडतं ती रेघ धरून सांगतात की अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतके ते इतके किलोमीटर, खोली इतके ते इतके मीटर.

आता इथेच गंमत आहे बघा. काकांना मीटर कळत नाही, त्यांचा हिशोब वावात. पहिल्यांदा भाच्याने मोबाईलवर दाखवलं तेव्हा म्हणाले, "मीटर ऱ्हाऊ दे, वाव किती ते सांग." मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर, भरती-ओहोटीच्या आकड्यांच्या बाजूला, पेन्सिलीने लिहून ठेवलं, ३६ मीटर म्हणजे साधारण २० वाव, ५४ म्हणजे ३०. ते कॅलेंडर जुनं झालं तरी काकूला काढू देत नाहीत. एवढं सगळं रॉकेट-बिकेट करणाऱ्यांना वावाचा एक रकाना वाढवायला काय जड आहे मला समजत नाही.

आणि हे मिळतं कुणाला तर ज्याच्या घरात फोन चालवणारं पोर आहे त्याला. आमच्या जेटीवर यासाठी एक डिजिटल बोर्ड लावलेला होता, दोन गणपती झाले तो बंद आहे, आता त्याच्यावर जाळी वाळत घालतात. मी स्वतः तीनदा विचारायला गेलो, एका ऑफिसात म्हणाले आमच्याकडे नाही, दुसऱ्यात म्हणाले वरून पार्ट आला नाही. वरून! वर तर उपग्रह चालू आहे साहेब, खालचाच बल्ब गेलाय.

वादळाचंही तेच. नोव्हेंबर २००९ चं फयान आठवा. हवामान बघायला कल्पना-१ तेव्हा वर होता, ढग दिसत होते, पण खोल पाण्यात गेलेल्या होड्यांना सांगणार कोण आणि कसं? त्या रात्री आमच्या आळीत कुणी झोपलं नाही. किनाऱ्यावरची कितीतरी माणसं परत आली नाहीत. उलट ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आधीच कळलं होतं, होड्या आत आणून बांधल्या होत्या. घरांची कौलं उडाली, नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, ते नुकसान अजून भरलेलं नाही, पण त्या दिवशी काका घरात होते. मग याला लाड म्हणायचं का?

खरी अडचण समुद्रात आहे, दीपगृह मागे पडलं की थोड्या वेळात मोबाईलची रेंज जाते, तिथे एसएमएस काय कामाचा. त्यावर इस्रोने ट्रान्सपॉन्डर बनवला, उपग्रहावरून निरोप येतो आणि आपल्यालाही पाठवता येतो. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये योजना सुरू झाली, देशात १ लाख होड्यांवर फुकट बसवायची. चांगली गोष्ट, मी नाव ठेवत नाही. पण काकांच्या होडीवर बसवलेल्याची वायर खाऱ्या हवेने खाल्ली आणि दुरुस्तीला कुणाला बोलवायचं ते सोबत दिलेल्या कागदावर कुठेच नाही, शेवटी टीव्ही रिपेअरवाल्याला नेला होडीवर, तो बिचारा अर्ध्या तासात ओकायला लागला.

मे २०२५ ला ढगातून बघणारा रडारवाला उपग्रह पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यात गडबड होऊन वाया गेला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण साध्या कॅमेऱ्याला ढगाखालचं दिसत नाही आणि आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने ढगच असतात. नंतर जुलैत अमेरिकेबरोबरचा तसाच रडारवाला निसार उपग्रह वर गेला तेव्हा पेढे नाही पण चहा पाजला बर्फाच्या गाडीवाल्यांना. १९७९ ला भास्कर उपग्रह सोडायला रशियाचं रॉकेट लागलं होतं, तिथून इथपर्यंत आलोत. म्हणून तर राग येतो, एवढं जमलं आणि जेटीवरचा बोर्ड जमत नाही.

तुम्ही उड्डाणाचा फोटो पहिल्या पानावर छापता, छापा. पण एखाद्या बातमीदाराला किनाऱ्यावर पाठवून किती बंदरांत बोर्ड चालू आहेत तेवढं मोजून छापा ना, श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत. आमच्याकडे आला तर जेवायला बांगडा आहे.

पत्र लांबलंय, कापलंत तरी चालेल, फक्त वावाचं तेवढं ठेवा, काकांनी मुद्दाम सांगितलंय.

आपला,
एक बर्फवाला, ता. दापोली, जि. रत्नागिरी