विषय: ‘विंडोजचे सगळे चालेल’ असे सांगून बसवून दिलेल्या लिनक्सबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी मराठी कागदपत्रांची इंग्रजी भाषांतरे करते. कामे बहुतेक नाशिकच्या जिल्हा न्यायालयातल्या वकिलांची असतात. संधिवातामुळे मनगटे धरतात, सलग टायपिंग जमत नाही. म्हणून इंग्रजी मजकूर मी बोलून उतरवते. विंडोजवरचे डिक्टेशनचे सॉफ्टवेअर आणि विंडोजचेच ऑफिस, या दोन्हींवर माझे पोट आहे.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. माझ्या संगणकात टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही, त्यामुळे विंडोज ११ चा प्रश्नच नव्हता. आपल्या महात्मा गांधी रोडवरील शाखेने विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली सुचवली आणि ‘तुमचे सगळे जसेच्या तसे चालेल’ असा शब्द दिला. डिक्टेशनचे मी तेव्हाच सांगितले होते. बिलावर त्याची नोंदही करून घेतली आहे.

ऑफिस उघडते, छपाई होते. त्याबद्दल तक्रार नाही. डिक्टेशनचे मात्र असे होते: मी ‘द अप्लिकंट सबमिट्स’ म्हणते, मायक्रोफोनची पट्टी हलते, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या चौकटीत वाक्य बिनचूक उमटते, आणि ऑफिसच्या पानावर कर्सर नुसता लुकलुकत राहतो. प्रत्येक परिच्छेद कॉपी-पेस्ट करायचा, म्हणजे पुन्हा मनगटांवरच भार.

आपल्या तंत्रज्ञाने आधी मायक्रोफोन बदलायला लावला, मग सावकाश बोलायला सांगितले. दोष माझ्या आवाजात नव्हताच. हे प्रोग्रॅम वाइनवर, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालतात, आणि वाइनमध्ये प्रत्येक प्रिफिक्सला (प्रोग्रॅम बसवायच्या स्वतंत्र कप्प्याला) स्वतःचा सी ड्राइव्ह आणि स्वतःची रजिस्ट्री (सेटिंग्जची नोंदवही) असते. आपण ऑफिस एका प्रिफिक्समध्ये बसवले, डिक्टेशन दुसऱ्यात. एकाला दुसऱ्याचा पत्ताच नाही, तर मजकूर पोचणार कसा? त्यावर ‘लिब्रेऑफिस वापरा’ (ऑफिससारखेच एक मोफत सॉफ्टवेअर) हा सल्ला मिळाला. पण ते थेट लिनक्सवर चालते, आणि वाइनमधले डिक्टेशन तिथे आपणहून टाइप करू शकत नाही. शेवटी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लिनक्सच्या आतच वेगळे विंडोज चालवणे, सुचवले गेले. त्यासाठी विंडोजचे लायसन्स वेगळे घ्यायचे, रॅम वाटून द्यायची. हेच करायचे होते तर मी लिनक्सवर आले कशाला?

वाइनला मी बोल लावत नाही. १९९३ पासून लोक ते कष्टाने घडवत आहेत आणि ते मोफत आहे. कोणता प्रोग्रॅम किती चालतो, हे त्यांच्याच यादीत प्लॅटिनमपासून गार्बेजपर्यंत श्रेणी लावून स्पष्ट लिहिलेले असते. इतका प्रामाणिकपणा पैसे घेणाऱ्या आपल्या कंपनीकडून अपेक्षित नाही का?

दोन्ही प्रोग्रॅम एकाच प्रिफिक्समध्ये बसवून, मी समोर बसून बोलून पाहीन अशा रीतीने काम पूर्ण करून द्यावे. ते शक्य नसेल तर घेतलेली पूर्ण रक्कम परत करावी. माहितीपत्रकातील ‘सगळे चालेल’ हे वाक्यही काढावे. हात दुखतात म्हणून आवाजावर विसंबणारी मी एकटीच नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

कळावे,
आपली ग्राहक
(नाव व पत्ता बिलावर आहे)

सोबत: बिलाची व माहितीपत्रकाची प्रत