आराखडा एका ओळीचा नको
महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम म्हणून ‘धावणे, योगासने, खेळ’ एवढी एकच ओळ आमच्या हाती पडली होती. पहिल्याच दिवशी सगळ्यांना मैदानाच्या चार फेऱ्या मारायला लावल्या. दम्याचा पंप मुठीत धरून माझी मैत्रीण दुसऱ्या फेरीतच खाली बसली. तिला आधी कोणी काही विचारलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. एका तासिकेत ते भागत नाही, म्हणून घरी काय करायचे तेही आराखड्यात हवे. कोणत्या आठवड्यात व्यायामाचा ताण किती वाढणार, दुखापत असेल तर पर्याय कोणता, हे सत्राआधीच छापून द्यावे. आणि गुण वेगाला नकोत. पहिल्या दिवसाच्या नोंदीपेक्षा विद्यार्थी किती पुढे गेला, त्याला द्यावेत.

– एक माजी विद्यार्थिनी