आई-बाबा, जूनला येत नाहीये

सालामांका, स्पेन, एप्रिलचा शेवटचा रविवार

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं, दोन्ही वेळा आईने मध्येच "जेवलीस का" विचारलं आणि मग माझ्याच्याने पुढे बोलवेना, म्हणून लिहितेय. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

मी पीएचडीला हो म्हणून सांगितलंय. मागच्या मंगळवारीच. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं हे मला कळतंय, पण माझ्या मॅडमना त्याच आठवड्यात उत्तर हवं होतं आणि नेमकी त्याच आठवड्यात बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली, आई फोनवर इतकी घाबरलेली होती की म्हटलं आत्ता हे नको. फुलटाइम केली तर चार वर्षं. चार वर्षं घरीच यायचं नाही असं नाहीये गं आई, लगेच डोळे पुसू नकोस. गणपतीला येतेय, तिकीटसुद्धा काढलंय. फक्त जूनचं जमत नाहीये कारण माझ्या इथे राहण्याच्या परवान्याच्या कार्डाची मुदत संपतेय, ते रिन्यूला टाकलं की देशाबाहेर जायला परत येण्याची वेगळी परवानगी काढावी लागते, आणि जुलैभर मला परदेशी मुलांच्या स्पॅनिशच्या कोर्सला शिकवायचं काम मिळालंय, त्या पैशात माझं सप्टेंबरपर्यंतचं भाडं सुटतं. बाबा, तुमच्या एफडीला हात लावायचा नाही. दादाच्या वेळी जे झालं ते माझ्या बाबतीत मी होऊ देणार नाही.

आणि विषय काय घेतलाय ते ऐका, कारण तो तुमचाच आहे. स्पॅनिशमध्ये "मला आंबा आवडतो" म्हणायचं तर "मे गुस्ता एल मांगो", आंबे अनेक असले की गुस्ताचं गुस्तान होतं, आपलं आवडतोचं आवडतात होतं अगदी तसंच. माझ्या वर्गातली इंग्रजी बोलणारी मुलं यात महिनोन्महिने अडखळतात, त्यांना "मी आवडतो" असंच सुचतं, मला एक दिवससुद्धा लागला नाही. त्याहून गंमत म्हणजे "मी घर बघते" याला नुसतं "वेओ ला कासा" चालतं पण "मी आईला बघते" म्हणताना मध्ये एक "आ" घालावाच लागतो, माणूस आलं की आ, म्हणजे आपला ला! स, ला, ना, ते. तुम्ही ओसरीवर बसून माझ्याकडून पाठ करून घ्यायचात आणि चुकलं की परत पहिल्यापासून. मराठी मुलांना स्पॅनिश शिकवताना याचा कसा उपयोग करून घेता येईल, त्यावर मी काम करणारेय. हे मला सांगलीत बसून करता आलं असतं का? खूप विचार केला बाबा, नसतं आलं. इथली लायब्ररी आणि इथली माणसं लागणारच.

इथली युनिव्हर्सिटी 1218 सालची आहे. जुन्या इमारतीत एक वर्ग अजून जपून ठेवलाय, त्यातले बाक म्हणजे ओबडधोबड लाकडं आडवी टाकलेली, वर मुलांनी कोरून ठेवलेलं. फ्राय लुईस दे लेओन म्हणून एक धर्मगुरू-कवी तिथे शिकवायचे. 1572 मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्यांना पकडलं आणि जवळजवळ पाच वर्षं तुरुंगात ठेवलं, आणि सुटून आल्यावर पहिल्याच तासाला "काल आपण म्हणत होतो" असं म्हणून त्यांनी शिकवायला सुरुवात केली अशी गोष्ट सांगतात. मला तिथे उभी असताना 2019 चा ऑगस्ट, आपल्याकडचा महापूर आठवला. शाळेतला चिखल खरवडून झाल्यावर तुम्ही पहिल्या दिवशी ओल्या फळ्यावर विभक्तीचा तक्ता काढायला घेतलात ना, ते. मी रडले तिथे थोडी, पण आनंदानेच.

आई, आता तुझ्यासाठी. मी नीट जेवते. इथे दुपारचं जेवण अडीचला आणि रात्रीचं साडेनऊ-दहाला, पण या दिवसांत नऊ वाजेपर्यंत उजेड असतो त्यामुळे चालून जातं. मसूर इथला फार छान मिळतो, ला आर्मुन्या म्हणून जवळच भाग आहे तिथला. कोथिंबीर आणि गूळ दक्षिण अमेरिकेतल्या लोकांच्या दुकानात मिळतात, गुळाला पानेला म्हणतात. होळीला पुरण केलं! हरभऱ्याची डाळ नव्हती म्हणून पेद्रोसिल्लोचे बारीक काबुली चणे रात्री भिजवले, तुझ्या कुकरमध्ये शिजवले, मग मी आणि घरमालकीण आजी टेबलाशी बसून एकेक दाणा चिमटीत धरून सालं काढत बसलो, दीड तास. आणि तिने कपाटातून काय काढलं माहितीये का, हँडल फिरवायचं पुरणयंत्र, हुबेहूब आपल्यासारखं, ती त्याला पासापुरेस म्हणते आणि त्यात बटाटे वाटते. पोळी थोडी फाटली पण वास तुझाच आला. ती मला "इखा" म्हणते, म्हणजे मुली. हिवाळ्यात दाराशी उभी राहून मफलर नीट गुंडाळायला लावायची तेव्हा मला तू दिसायचीस. खोलीत हीटर आहे, गादी चांगली आहे, तू दिलेली गोधडी तरीही पांघरते कारण तिच्याशिवाय झोप येत नाही.

आता बाबांच्या ऑपरेशनचं. दादा दोन दिवस आधी येणार आहे, त्याला "कशाला रजा घालवतोस" म्हणून परत पाठवायचं नाही. मी माई आत्याशीपण बोललेय, ती आठवडाभर राहील. बाबा, ऑपरेशननंतर खाली वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, स्कूटरला हात लावायचा नाही, आयर्विन पुलावरचं फिरणं डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच. शुगर आधी तपासून घ्या आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवा, "नॉर्मल आहे" असा नुसता मेसेज नको. आई, ड्रॉप्सच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लाव, आणि तुझी बीपीची गोळी त्या गडबडीत विसरू नकोस, तू विसरतेस.

मी त्या दिवशी तिथे नसेन हे मला रोज टोचतंय. राग आला असेल तर बोला, पण गप्प बसू नका, गप्प बसलात की मला इथे काहीच सुचत नाही.

मंगळवारी तुमच्या रात्री आठला फोन करते, माझे तेव्हा साडेचार वाजलेले असतील, क्लास सुटलेला असेल. व्हिडिओ कॉल करते. बाबा, तक्ता काढून ठेवा, द्वितीया आणि चतुर्थीत ला एकच का, ते मला तुमच्याकडून परत समजून घ्यायचंय, पहिल्या चॅप्टरला लागणारेय.

तुमची,
छकुली