आधी चाक हलवून बघा, अलाइनमेंट नंतर

मा. संपादक,

गाडी एका बाजूला ओढते म्हटलं की आपल्याकडं उत्तर ठरलेलंय, अलाइनमेंट करून घ्या, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवून घ्या. सातारा काय कराड काय, लोकं जातात, पैसे देतात, आठ दिवस गाडी बरी वाटते आणि परत तेच. नव्या गाड्यांचं सोडा, पण गाडीला बारा-पंधरा वर्षं झाली असतील आणि टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) नाहीतर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बुश, म्हणजे रबरी गादी, सैल असेल तर मशीनवर हिरवा आलेला आकडा रस्त्यावर टिकणार कसा, पहिल्या खड्ड्यात चाक त्याला पाहिजे तिकडं जाणार. हे साधं आहे पण गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही म्हणून हे पत्र.

ओढण्याचं म्हणाल तर आधी दोन्ही पुढच्या टायरची हवा बघा, मग डावं-उजवं टायर अदलाबदल करा. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा, स्टेअरिंगचा नाही. थोडं फिरवून आणल्यावर एकच चाक जास्त तापलेलं लागलं तर बहुतेक ब्रेकचा कॅलिपर (डिस्कवर ब्रेक आवळणारा भाग) जाम आहे, तिथं अलाइनमेंटवाला काय करणार? ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल तर बहुतेक वेळा चाकाचं बॅलन्सिंग, आणि फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर ब्रेकची डिस्क.

खरी परीक्षा जॅकवर. पुढचं चाक उचलायचं, खाली स्टँड लावायचा (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका), आणि चाक डावी-उजवीकडून धरून हलवायचं. खडखड लागली तर टाय रॉड एंड किंवा स्टेअरिंग रॅकचा आतला जॉइंट. मग वर-खाली धरून हलवायचं, तिथं प्ले (ढिलेपणा) असेल तर बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग, आणि यातलं नेमकं कुठलं ते कळायला दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं, प्ले गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. शंका राहिली तर लोअर आर्मखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून उचलून बघा, सैल जॉइंट डोळ्याला दिसतो. यातलं काहीच सैल चालवून घेऊ नका, बॉल जॉइंट तर अजिबात नाही, तो निसटला तर चाक आडवं पडतं आणि यवतेश्वरचा किंवा पसरणीचा घाट उतरताना ते झालं तर स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखंच. जॉइंटवरचे रबराचे बूट (टोप्या) फाटलेत का तेही तेव्हाच बघून घ्या, बूट फाटला की ग्रीस जातं, धूळ-पाणी शिरतं आणि जॉइंटचे दिवस भरले.

जुन्या मारुती आठशेवाल्यांसाठी एक जादा गोष्ट, कारण आपल्याकडं अजून बऱ्याच आठशे आहेत. तिच्यात पुढचा स्टॅबिलायझर रॉड (दोन्ही बाजू जोडणारा आडवा दांडा) नुसतं वळणावरचं झुकणं आवरत नाही, लोअर आर्मला पुढं-मागं धरून ठेवायचं कामही तोच करतो. त्यामुळं त्याचे बुश गेले की ब्रेक मारताना चाक मागं सरकतं, गाडी भलतीकडं तोंड करते, आणि लोकं ब्रेक दुरुस्त करत बसतात. बुश स्वस्त आहेत हो, चुकीचा दोष धरणं महाग पडतं.

आवाजावरूनही बरंच कळतं. स्पीडब्रेकरवर टकटक आली तर स्टॅबिलायझरची लिंक, बुश किंवा स्ट्रटचा (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडखांबाचा) वरचा माउंट. पूर्ण वळवून चालवताना टक-टक-टक आली तर तो एक्सलचा जॉइंट, सस्पेन्शनचा नाही. जागेवर स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग कुरकुरून टण्ण करत असेल तर स्ट्रटचं वरचं बेअरिंग. आणि टायर वाचायला शिका राव, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, करवतीच्या दातासारखी धार हाताला लागली तर टो (वरून बघता चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) बिघडलाय, मधेमधे खड्डे पडले तर शॉकअप बघा.

आता रस्त्यांचंही बोललंच पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय, म्हणजे गाडी हळूहळू चढून उतरावी असा. आपल्या गावागावातले हातभर रुंदीचे उंचवटे, त्यावर पांढरा पट्टासुद्धा नाही, रात्री दिसत नाहीत आणि बुश-माउंटची वाट लागते.

माझं म्हणणं दोन ठिकाणी आहे. अलाइनमेंटवाल्यांनी गाडी मशीनवर घ्यायच्या आधी मालकासमोर चाक उचलून हलवून दाखवावं. काही जण आत्ताही दाखवतात, प्ले असेल तर काम घेतच नाहीत, गिऱ्हाईक वैतागून पुढच्या दुकानात जातं तो भाग वेगळा. आणि खासगी गाडीचं १५ वर्षांनी आरटीओत पासिंग होतं, मग दर ५ वर्षांनी, तेव्हा पीयूसी-इन्शुरन्सच्या कागदांबरोबर पुढची दोन्ही चाकं उचलून बघावीत आणि निकाल मालकाला लिहून द्यावा. त्याला मशीन लागत नाही, जॅक आणि दोन माणसं लागतात.

आपला,
एक वाचक, गोडोली, सातारा