वाळू गेली कुठं? तिथंच पाण्यात आहे

मा. संपादक, स.न.वि.वि.

दरवर्षी जून-जुलैत उधाण आलं की 'समुद्राने किनारा गिळला' अशी बातमी येते आणि तिच्या मागोमाग दगडी बंधाऱ्याची मागणी. मी रत्नागिरी तालुक्यातला, घर पुळणीला, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्याला, लागूनच, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितोय.

परवा गुडघाभर पाण्यात उभं राहून फुटत्या लाटेतलं पाणी बाटलीत भरलं, नुसता गढूळ काढा, पण बाटली स्थिर धरली तर दहा आकडे मोजेपर्यंत वाळू तळाला बसलीसुद्धा, वर राहिला तो लाल गाळ, तो संध्याकाळपर्यंत तसाच. म्हणजे बारीक वाळू सेकंदाला साधारण दोन सेंटिमीटर खाली येते, कमरेएवढ्या पाण्यात तिला तळ गाठायला पाऊण मिनिट तरी हवं आणि पावसाळ्यात पुढची लाट आठ-दहा सेकंदांत डोक्यावर फुटते, मग ती बसणार कधी? लाट फुटली की पाण्याचे भोवरे थेट तळापर्यंत जातात, वाळू उचलतात, आणि अशी तरंगणारी वाळू मग परतीचं पाणी आत समुद्रात ओढून नेतं आणि थोडं आत तिचा दांडा, म्हणजे पाण्याखालचा वाळूचा लांबट उंचवटा, होतो. मोठ्या लाटा त्याच दांड्यावर आधी फुटतात, किनाऱ्यावर येईपर्यंत त्यांचा जोर कमी झालेला असतो. पाऊस सरला की शांत लांब लाटा हीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्याला काळी वाळू दिसते ना, त्यातला इल्मेनाईट, म्हणजे एक काळं खनिज, साध्या वाळूपेक्षा पावणेदोन पट जड, तो लवकर उचलला जात नाही, हलकी वाळू निघून गेली की काळे पट्टे उघडे पडतात.

आता पुळणीवरच दगड रचले की लाट त्यावर आपटून उलट फिरते, येणाऱ्या लाटेला भिडते आणि पायथ्याची वाळू अजूनच घुसळून निघते. आमच्या वाडीपुढं हेच झालं, दोन पावसाळ्यांत दगड खचले, रापणीची (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरायची) होडी ओढायला जागा उरली नाही. त्याआधी तिथं मर्यादवेल होती, ती वाळू धरून ठेवायची, ती उपटूनच बंधारा घातला, याचं फार वाईट वाटतं.

सगळीकडे वाळू परत येतेच असं नाही, खाडीच्या तोंडाशी वाळूउपसा असेल किंवा जेट्टीने वाळूची वाट अडवली असेल तर धूप खरीच. पण ते एका जुलैवरून कळत नाही. मे महिन्यात आणि डिसेंबरात किनारा मोजा, निदान दोन-तीन वर्षं, मग बंधाऱ्याचं ठरवा. आणि तुम्हालाही विनंती, जुलैतला फोटो छापता तसा त्याच जागेचा, तेच सुरूचं झाड खुणेला धरून, डिसेंबरातलाही छापा.

– एक वाचक, ता. रत्नागिरी