प्रबंधातल्या दुसऱ्या प्रकरणाबद्दल

परभणी

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

कादंबऱ्यांतल्या बालपणीच्या मैत्रीवरचं तुझं दुसरं प्रकरण वाचलं. 'अस्मिता' पानोपानी आहे, पण मैतर कुठंच दिसत नाही. आधी सिद्धांत मांडून कादंबरी त्यात कोंबली की असंच होतं. संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉलचा अस्मितेवरचा १९९० चा निबंध शेवटी आण.

वहीत चार रकाने आख: प्रसंगाच्या वेळी निवेदकाचं वय, सांगतानाचं वय, दोस्ताचं बोलणं कुणाच्या तोंडून येतं, आणि पान नंबर. पान नंबर लगेच टाक, नंतर शोधताना जीव जातो.

खालेद हुसैनींची अफगाणिस्तानातली कादंबरी 'द काइट रनर' (२००३) घे. खेळगडी हसनवर अत्याचार होताना निवेदक अमीर लपून राहिला, तो प्रसंग १९७५ च्या हिवाळ्यातला, अमीर बारा वर्षांचा. सांगतोय तो अमेरिकेत स्थिरावलेला, पस्तिशी ओलांडलेला माणूस. तू 'अतूट मैत्री' लिहिलंयस. अगं, रूढ अर्थानं हसनला आपण कधी मित्र मानलंच नाही, हे अमीर स्वतः कबूल करतो! तो तिथल्या वरचढ पश्तून जमातीतला, मालकाचा मुलगा. हसन दबलेल्या हजारा जमातीतला, नोकराच्या घरात वाढलेला. आता तिसरा रकाना बघ. हसनचं बोलणं जवळजवळ सगळं दुसऱ्यांच्या आठवणीतून येतं. फक्त सतराव्या प्रकरणात त्याचं पत्र आहे, मोठेपणी अक्षरं शिकून लिहिलेलं. अमीरच्या हाती ते पडतं तेव्हा हसन मारला गेलेला असतो. पत्रात अमीरवर एकही ठपका नाही, म्हणून तर अपराधाचं ओझं उतरवायला त्याला जागाच उरत नाही. तुझं प्रकरण इथून सुरू व्हायला पाहिजे.

अमिताव घोष यांच्या 'द शॅडो लाइन्स' (१९८८) मध्ये एकाच प्रसंगाला दोन ओळी लागतील. लंडनमध्ये निक हा इंग्रज मुलगा निवेदकाच्या नात्यातल्या बहिणीला, इलाला, वाऱ्यावर सोडून पळाला. ती मात्र टेबलाखाली बसून तीच हकीकत बाहुलीची म्हणून सांगते आणि त्यात निक वाचवायला येतो. खरं काय ते निवेदकाला पुढं निकच्या बहिणीकडून, मेकडून कळतं.

ऊसतोडीच्या लेकरांशी केलेली तुलना आहे तशी चालणार नाही. टोळी दिवाळीच्या सुमारास जाते, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की गावी येते. मैतर दरसाल भेटतात, बरोबरीनं वाढतात. हसन मात्र अमीरच्या मनात बारा-तेराचाच राहतो. तुलना ठेवायचीच असेल तर हा फरक लिही.

गाईडकडं देण्याआधी मला पाठव. पान नंबर मी ताडून बघते.

तुझी,
आई